बोटं दिसणारा अँटेना

काकाजींनी मला खोली दिली ती माझं माहेर अकोल्यात, जठारपेठेत आहे म्हणून. घरमालक एरवी जे विचारतात, जात कोणती, पाहुणे किती येतात, नळाचं पाणी किती लागतं, त्यातलं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. परतवाड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात मी शाळेवर नव्यानं रुजू झाले होते. ट्रंक ओट्यावर टेकवून मी उभी होते आणि हे गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून घराच्या टिनांवर, एका उंच बांबूला मिठी मारून उभे होते. वरूनच ओरडले, "मॅडम, तुमी कुठच्या?"

"अकोल्याची."

"अकोल्यात कुठी?"

"जठारपेठ."

बांबू सोडून ते शिडीवरून भरभर खाली आले. "मंग तं अँटेनाचे दुकानं तुमच्या घराजवळच असन?"

आहेत म्हटलं. दोनतीन आहेत.

"खोली तुमची," ते म्हणाले आणि माझी ट्रंक स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. मी मनात म्हटलं, बाई गं, डोक्यानं बरा दिसत नाही हा माणूस. पहिल्याच दिवशी केलेलं ते अनुमान पुढं मी कधी बदललं नाही. फक्त त्याबद्दल तक्रार करायची हळूहळू थांबले.

काकाजी माणसाच्या तोंडाकडं न पाहता त्याच्या घराच्या छपराकडं पाहत. संत्र्याचा छोटा बगीचा आणि कपाशीची थोडी काळी जमीन, यावर घर चालायचं. बगीच्यात जातायेतानाही नजर वरच. चालता चालता बैलगाडीला धडकायचे, गाडीवाल्याला म्हणायचे, "तू पाहून नाही राह्यला काय?" एसटीत बसले की खिडकीकडची जागा घेऊन रस्त्यावरच्या घरांचे अँटेने पाहत आणि शेजारच्या अनोळखी प्रवाशाला त्या घरातली भानगड समजावून सांगत. बांबू सुतळीनं बांधला असेल तर घर कंजूष. काडी मोडून लोंबत असेल तर घरात भाऊ भाऊ वेगळे निघालेत. अँटेना दर आठवड्याला वेगळ्या दिशेला दिसला तर घरातल्या बाईचं कोणी ऐकत नाही.

एकदा शेजारच्या मुलीसाठी तिवशाला मुलगा पाहायला गेले. बाकीची मंडळी पोहे खात मुलाचा पगार विचारत होती आणि काकाजी त्यांच्या गच्चीवर. खाली येऊन त्यांनी चारचौघांत निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय. काडी वाकली तं त्यानं लाकडाची पट्टी लावून सरळ केली. बायकोसंगबी असंच वागन." ते लग्न झालं आणि चांगलं निभलं. त्यामुळे तर काकाजींना कोणी काही बोलायची सोयच उरली नाही.

कावळ्यांचा त्यांना फार जाच. अँटेन्यावर कावळा बसला की काडी कलते. पण दगड मारणं पटायचं नाही, म्हणून त्यांनी घराच्या मागं दुसरा बांबू उभा केला आणि त्यावर सायकलची जुनी रिम बांधली. कावळ्यांसाठी वेगळा अँटेना! रोज सकाळी त्या बांबूखाली भाकरीचे तुकडे टाकायचे आणि कावळे खरोखर तिकडंच बसायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपुढून म्हणायच्या, "कावळ्याईले दिसते चांगलं. आपल्यालेच मुंग्या."

मुंग्या म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर वळवळणारे ते काळेपांढरे ठिपके. आता लोकांना ठाऊकही नसतील. तेव्हा घरोघरी टीव्ही नुकते आले होते, वाहिनी एकच, आणि आमचं गाव असं खबदाडात की मैदानाकडच्या बाजूला एक बुटकी टेकडी आडवी आणि मागं सातपुड्याची भिंत. टॉवर दोन, एक अकोल्याचा आणि एक अमरावतीचा, पण दोन्ही त्या टेकडीपलीकडं. आवाज कसाबसा टेकडी ओलांडून यायचा. चित्राला ते जमायचं नाही.

आणि त्यात आमच्या गावची रीत. अँटेन्याचं तोंड कुठं करायचं हे तिथं टॉवर पाहून ठरत नसे, सोयरीक पाहून ठरे. ज्याची सासुरवाडी अमरावतीकडं त्याचा अँटेना अमरावतीकडं. ज्याची मुलगी अकोल्याकडं दिली त्याचा अकोल्याकडं. अकोल्याच्या जावयानं अमरावतीकडं तोंड केलं तर सासरा आल्यावर वर पाहणार, आणि जेवताना बोलणार. गावात शिरलं की छपरांवरून सगळ्यांची नातीगोती वाचता यायची. चित्र कोणालाच धड दिसत नव्हतं, पण आपल्या माणसांकडं पाठ कोण करणार?

काकाजींना हे कळत नव्हतं असं नाही, पण त्यांची अडचण वेगळी होती. बाकीच्यांना सिनेमातली गाणी ऐकू आली, हिरो अंदाजानं ओळखला की पुरत असे. काकाजींना बोटं दिसायला हवी होती.

त्यांची धाकटी बहीण. तिला ते 'बाई' म्हणत, मीही तिला बाईच म्हणायला लागले. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लहान असताना अमरावतीच्या मूकबधिर शाळेत काही वर्षं होती, तिथं हातांनी बोलायला शिकली, मैत्रिणी जोडल्या. मग वडील गेले, कोणी न्यायला-आणायला उरलं नाही आणि ती घरी राहिली. गावात तिच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. काकाजी आणि ती आपसांत खुणा करत, पण त्या घरच्या खुणा. पाणी, भाकर, गाय, ताप, परतवाड्याचा बाजार. तेवढ्यावर संसार चालतो, पण गप्पा होत नाहीत. बाई हुशार होती, भारी हुशार. माझ्या वर्गातल्या मुलांची वह्यांवरची अक्षरं पाहून ती कोण आळशी आहे हे मला चेहऱ्यावर नक्कल करून दाखवायची. अशा बाईनं दिवसभर कोणाशी बोलायचं?

तर रविवारी दुपारी टीव्हीवर मूकबधिरांसाठी बातम्या लागत. एक बाई तोंडानं बातम्या सांगे आणि एक बाई हातांनी. आठवड्यातून तेवढा वेळ कोणीतरी आमच्या बाईशी तिच्या भाषेत बोलत होतं, आणि ते कोणीतरी मुंग्यांमध्ये बुडालेलं होतं. हात हलतात एवढं दिसे. बोटं किती उघडली, किती मिटली, ते नाही. बाई स्टूल ओढून पडद्याला नाक लावून बसायची आणि बातम्या संपल्या की चुपचाप स्टूल जागेवर ठेवायची. तिचा तो स्टूल ठेवतानाचा चेहरा मला बघवत नसे. काकाजी तर त्या वेळी घरातच थांबत नसत.

म्हणून त्यांची सगळी परीक्षा एकच. कोणी सांगितलं की अमक्याच्या घरी नवा अँटेना लावला, चित्र झकास, तर हे विचारणार, "बोटं दिसतात काय?" परतवाड्याच्या दुकानदारानं एकदा बूस्टर विकायचा प्रयत्न केला. हे म्हणाले, "तुहा बूस्टर चित्राले मोठं करते तसं मुंग्याईलेबी करते. मुंगीचा हत्ती करून मी काय करू?" खुर्चीवरून उठले आणि आले परत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या टीव्हीचा आवाज कायम बंद. सिनेमा असो, क्रिकेट असो, बटण शून्यावर. गावात त्यावरून टवाळी चालायची. मी एकदा न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, आवाज सोडला का आपुन सारे एकदम हासतो. बाई मंग आपल्या तोंडाकडं पाह्यते. आपल्याच घरात पाहुनी होते थे." त्या दिवसापासून मीही मुकाट मुका टीव्ही पाहायला लागले.

भिंतीला भिंत लागून चाचाचं घर. चाचा शिंपी होता, मशीनवर बसल्या बसल्या सगळ्या गावाशी भांडू शकणारा. त्याची मुलगी अकोल्याला दिलेली, म्हणून अँटेना अकोल्याकडं. चित्राचं नाव नाही, पण आवाज असा ठणठणीत की शाळेपर्यंत जावा. त्यामुळे रविवारच्या सिनेमाला आळीतली मंडळी काकाजींच्या अंगणात बसून त्यांच्या टीव्हीवर जे काही दिसेल ते पाहत, आणि आवाज चाचाच्या खिडकीतून येई. काकाजींची त्याला हरकत नसे. "थो चाचाच्या घरचा आवाज हाय. माह्या घरचा टीव्ही मुकाच हाय," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हिशेबात हे बसत होतं, आणि त्यांच्या हिशेबात बसलं की विषय संपला.

बाई आज साठीच्या पुढं आहे. आता तिच्याकडं फोन आहे आणि शाळेतल्या दोन मैत्रिणी तिनं त्यावर शोधून काढल्या आहेत. तासन्‌तास त्यांच्याशी हातवारे चाललेले असतात. मला कॉल करते तेव्हा माझे गचाळ हातवारे पाहून कपाळावर हात मारून घेते. काकाजी काही वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत कोणाच्याही घरी गेले की आधी वर पाहायचे आणि सगळीकडं तीच एकसारखी डिशची थाळी पाहून खट्टू व्हायचे. "घर वाचता येत नाही आता," म्हणायचे.

तर आता ते जठारपेठेतलं अँटेन्याचं दुकान. दिवाळीच्या सुट्टीला मी अकोल्याला निघाले तेव्हा काकाजींनी मला अँटेना कसा पाहायचा ते सांगायला सुरुवात केली आणि एसटी सुटेपर्यंत ते सांगतच होते. काड्या जास्त पाहिजेत, कारण जास्त काड्यांचा अँटेना लांबचं पाहतो आणि इकडंतिकडं पाहत नाही. काड्या पोकळ नळीच्या, पण हलक्या नकोत. बोटानं टिचकी मारून पाहा. वायर चपटी घ्या. दुकानदारानं घाई केली तर दुकान बदला. मी घरून निघताना काकू दारातून म्हणाल्या, "मले पाह्याले आले तेवा पोहे संपायच्या आत हाव म्हनलं. अन् या काड्याईले वर्सं झाले पाहून राह्यले."

मी अँटेना निवडला. दुकानदार म्हणाला, टेकडी आडवी आहे तर हा लांबच घ्या, दोन्ही टॉवरला चालतो. टिचकी मारून पाहिल्यावर तो माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहायला लागला. अँटेना चांगला माझ्याहून लांब, मधल्या दांड्यावर ओळीनं काड्या. तो घेऊन मी अकोल्याहून परतवाड्याच्या गाडीत चढले. असा प्रवास शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट कोन काढन?" मी म्हटलं, हे सामान आहे. तो म्हणाला, सामान असतं तर टपावर गेलं असतं. टपावर काड्या वाकतील! शेवटी अर्ध्या तिकिटावर तडजोड झाली. म्हणजे मी माझ्या शेजारी अर्ध्या तिकिटाचा अँटेना बसवून निघाले. अकोटला एका म्हाताऱ्या आजोबांनी न विचारता आपली पिशवी एका काडीला अडकवली. अंजनगावला एका बाईनं बाळाचं झबलं वाळत घातलं. मी आरडाओरडा केला तर सगळी गाडी मलाच समजावायला लागली की मॅडम, एवढ्या काड्या तुम्हाला एकटीला कशाला लागतात?

गावात उतरले तर काकाजी थांब्यावर. माझी चौकशी नाही, काही नाही. एकेक काडी हात लावून पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी पोरगी असून चांगलं स्थळ आनलं." यात 'पोरगी असून' कशाला, यावर माझं त्यांच्याशी घरापर्यंत भांडण झालं.

रविवारी बसवायचा ठरला, बातम्यांच्याच वेळी. तपासायला बाईच हवी, कारण बोटं तिलाच ओळखता येणार. पण ती खालून ओरडू शकत नाही आणि काकाजींनी वरून विचारलं तर तिला ऐकू येत नाही. काकाजींनी त्यावर युक्ती काढली. एक दोरी टिनांच्या फटीतून आत सोडली. तिचं एक टोक बाईच्या हातात आणि दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं. बोटं दिसली की ओढायचं.

अंगणात गर्दी जमली. नवा अँटेना म्हणजे सगळ्यांनाच उत्साह. भिंतीपलीकडं चाचाचा टीव्ही गरजत होता. चाचा स्वतः मशीन सोडून आला. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला आला, त्याची सासुरवाडी अमरावतीची. काकाजींनी आधी अकोल्याकडं तोंड केलं. दोरी हलली नाही. मी आत जाऊन पाहिलं तर मुंग्याच मुंग्या. मग हळूहळू फिरवत अमरावतीकडं. चित्र आलं, पण एका बाईच्या दोन बाया, चार हात, बोटांची नुसती गर्दी. आमच्या बाईनं नाही म्हणून मान हलवली. दोरी स्तब्ध.

खाली भांडण पेटलं. पानठेलेवाला म्हणाला, "भाऊ, अमरावतीलेच ठेवा, दोन तं दोन, दिसल्या तं खरं!" चाचा उसळला, "अबे, अँटेना अकोल्याचा, थो अकोल्याकडंच पाहीन ना! मायके की तरफ नहीं देखेगा क्या?" पानठेलेवाल्यानं अकोल्याच्या उन्हाळ्याचा उद्धार केला. चाचानं अमरावतीच्या रस्त्यांचा. अकोल्याचा उन्हाळा काढल्यावर मीही गप्प बसले नाही, खोटं कशाला सांगू. वर काकाजी घामाघूम, बातम्यांचा वेळ चाललेला, आणि खालून सगळे एकाच वेळी ओरडून राहिलेले. एवढा शांत माणूस, पण एकदम भडकला.

"चुलीत गेलं तुमचं अकोला अन् चुलीत गेली अमरावती!" ते कडाडले. आणि दोन्ही शहरांकडं पाठ करून रागारागात त्यांनी अँटेना गरकन फिरवला तो थेट पहाडाकडं. मैदान एकीकडं, टॉवर एकीकडं, आणि अँटेन्याचं तोंड सातपुड्याच्या कड्याकडं.

अंगण हसायला लागलं. "भाऊ, पहाडात अस्वलं बातम्या देऊन राह्यले काय?" पानठेलेवाला ओरडला. पण काकाजींचा पाय तेवढ्यात सरकला. दोरी ओढली गेली होती. त्यांना वाटलं, अडकली. पुन्हा ओढली गेली. मग आतून अशी ओढाताण सुरू झाली की ते बांबूला लटकले आणि किंचाळले, "अवं बाई, अंगठा तोडतं काय!"

मी आत धावले. पडद्यावर एक बाई होती. एकच. काळी साडी, कपाळावर टिकली, आणि दोन हात. दहाच्या दहा बोटं, अगदी नखांसकट. आमची बाई स्टुलावरून उठली होती, एका हातानं दोरी ओढत होती आणि दुसऱ्या हातानं टीव्हीतल्या बाईला उत्तर देत होती.

टेकडीवरून जाणारं काहीतरी त्या कड्यावर आपटून मागं येत असणार. अकोल्याचं की अमरावतीचं, यावर गावात पुढं कायम दोन तट राहिले. पण पुढच्या महिनाभरात एकेक करून सगळ्या गावाचे अँटेने पहाडाकडं वळले. सासरे आले की सांगायचं, "मामाजी, आपल्याकडूनच जाते, पहाडाले लागून येते." हे दोन्हीकडच्या सासऱ्यांना चालायचं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. बातम्या संपल्या. काकाजी लंगडत खाली आले. बाई धावत ओट्यावर आली आणि त्यांच्यापुढं हातांनी सांगायला लागली. एवढं भरभर की काकाजी "थांब, थांब" करत होते. आजवर जगातली बातमी काकाजी तिला सांगत, गाय व्याली, अमका गेला. आज पहिल्यांदा बातमी तिच्याकडं होती. काकाजी जमेल तसं सगळ्यांना समजावून सांगायला लागले.

"बाई म्हनते, लय मोठा पूल पडला. दुसऱ्या देशातले पाहुने आल्ते, थे पलीकडं अटकले. लगन लांबलं म्हनते."

अंगणातली मंडळी एकमेकांकडं पाहायला लागली. कारण चाचाचा टीव्ही आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. पूल पडला नव्हता, बांधायचा ठरला होता. परदेशातून पाहुणे आले होते हे खरं, पण ते कसल्यातरी करारासाठी. लग्न कोणाचंच नव्हतं. बाईच्या शाळेतल्या खुणा जुन्या, टीव्हीवरच्या बाईच्या वेगळ्या. निम्मं तिला समजलं आणि निम्मं तिनं जोडलं. पाहुणे म्हटल्यावर आमच्याकडं लग्नच असणार. काकाजींनीही वरून सगळं ऐकलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते फक्त आमच्याकडं पाहत उभे होते, आणि इतकी विनवणी मी कोणाच्या डोळ्यांत कधी पाहिली नाही.

पानठेलेवाल्यानं तोंड उघडलं. "पन भाऊ, पूल तं..." चाचानं त्याचा पाय असा दाबला की तो तोंड उघडं ठेवूनच गप्प झाला.

बाईसमोर नुसतं तोंडानं खोटं बोलून भागत नसे. तिला चेहरे वाचता येत, तोंडातला शब्द तिच्या उपयोगाचाच नव्हता. खोटं बोलायचं तर सगळ्या चेहऱ्यानं बोलावं लागे. चाचा दोन पावलं पुढं आला. गळ्यातली माप घ्यायची टेप बाजूला केली, डोळे मोठे केले, पूल पडल्याचं दुःख चेहऱ्यावर आणलं आणि मान डोलावली. "हाव," तो म्हणाला, "मीबी हेच ऐकलं." मग दोन्ही हात उघडून, भुवया उंचावून त्यानं तिलाच विचारलं, पाहुण्यांचं पुढं काय झालं?

बाई थबकली. त्या गावात तिला जेवलीस का, यापलीकडं कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तिनं एकदा भावाकडं पाहिलं. मग पदर खोचला, ओट्याच्या कडेला आली आणि चाचाला सांगायला लागली. हात, बोटं, मान, डोळे, सगळ्यांनी. पाहुणे कसे बसले होते, नवरी कशी वाट पाहत होती, नदीला किती पाणी होतं.

काकाजी अर्थ सांगायला पुढं सरले. चाचानं बाईवरची नजर न काढता हातानंच त्यांना मागं लोटलं.

"रुको भाऊ," तो म्हणाला, "मले समजून राह्यलं."